जुन्या धाटणीचं अष्टकोनी भिंतघड्याळ: सागवानात, घरच्या घरी

वाड्याच्या ओसरीवर, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा जुन्या पेढीवर दिसणारं अष्टकोनी घड्याळ बहुतेकांनी पाहिलेलं असतं. वर आठ कोनांची चौकट, मधे गोल काच, खाली काचेचं छोटं दार आणि त्यामागे हलणारा लंबक. हा घाट एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घड्याळ कारखान्यांनी लोकप्रिय केला. आपल्याकडच्या जुन्या घरांत अजूनही सापडणारी ‘अन्सोनिया’ची घड्याळं त्याच परंपरेतली. पुढे जपानच्या ‘सेइकोशा’ने (स्थापना १८९२) भिंतघड्याळांपासूनच सुरुवात केली आणि तीही भारतात भरपूर आली.

असं घड्याळ घरी बनवता येतं. सुताराची जुजबी हत्यारं, थोडा संयम आणि सुट्टीचे काही दिवस एवढं लागतं. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. वस्तूला जुनेपण येतं ते प्रमाणबद्धतेमुळे, घट्ट सांध्यांमुळे आणि लाखेच्या पॉलिशमुळे. साखळीने ठोकून खड्डे पाडल्याने किंवा कडा जाळून ते येत नाही. जुन्या कारागिरांनी ही घड्याळं नवीकोरी आणि नेटकी दिसावीत म्हणूनच बनवली होती. आपणही तशीच बनवू. शिवाय घड्याळ असं जोडू की उद्या यंत्र बंद पडलं, तर चार स्क्रू काढून ते बदलता येईल.

लाकूड

सागवानच घ्या, आणि शक्यतो जुनं. पाडलेल्या वाड्यांचे वासे, दारांच्या चौकटी, खिडक्यांचे गज बसवलेले दांडे हे सगळं जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट त्यासाठी ठाऊक आहे, पण बहुतेक तालुक्याच्या गावीही जुन्या लाकडाचा एखादा व्यापारी असतोच. असं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे ते फारसं पिळवटत नाही. नवं घ्यायचं तर बल्लारशा-आलापल्लीकडच्या सागाला चांगलं नाव आहे. फक्त ते नीट वाळलेलं आहे ना, हे विचारून घ्या.

जुन्या लाकडावरून आधी चुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला खाच पाडतो, आणि यंत्राची करवत असेल तर प्रकरण हातावर येऊ शकतं. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं असतं, तेही पाहा. जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. रंध्याने जाड ढलपी काढा आणि ती गोळा करून टाका.

लाकूड घरी आणलं की ज्या खोलीत काम करणार तिथे दोन-तीन आठवडे आडवं ठेवा, खाली पट्ट्या घालून, म्हणजे सगळीकडून हवा लागेल. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. पूर्ण ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग रुंदीत कापाच्या दिशेनुसार साधारण अडीच ते सहा टक्के आक्रसतो. इतर लाकडांच्या मानाने हे कमी आहे, पण शून्य नाही. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे यांतला फरक एखादा सांधा उघडायला पुरतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं आणि पावसाळ्याच्या आत पॉलिशसकट संपवावं.

मापं

खालची मापं एकमेकांशी जुळवलेली आहेत. एक बदललंत तर बाकीची पुन्हा मोजा.

- अष्टकोनी चौकट: समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ४०० मिमी, पट्टीची रुंदी ७० मिमी, जाडी सहा सूत म्हणजे १९ मिमी. आतली मोकळी जागा २६० मिमी.
- काचेची गोल कडी (तबकडीवरची काच धरणारी): बाहेरून ३०० मिमी, आतून २५० मिमी, जाडी १५ मिमी.
- मागची पेटी: रुंदी बाहेरून २५० मिमी, उंची ५३० मिमी, खोली ८० मिमी, फळी १५ मिमी जाडीची.
- तबकडी: ४ मिमी प्लाय, अष्टकोनी, २५९ मिमी.
- पूर्ण घड्याळाची उंची ५८५ मिमी.

पेटीचा वरचा काठ अष्टकोनाच्या मध्यबिंदूपासून १४५ मिमी वर आणि खालचा काठ ३८५ मिमी खाली येतो. पेटी याहून वर नेली तर तिचे कोपरे अष्टकोनाच्या तिरक्या बाजूंमागून बाहेर डोकावतात. कापण्याआधी एका मोठ्या पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचं चित्र काढा आणि ते भिंतीवर लावून दोन दिवस येता-जाता बघा. पेटी जाड वाटते की बारीक, हे कागदावरच्या आकड्यांपेक्षा डोळ्याला लवकर कळतं.

अष्टकोन

सगळ्या कामातला अवघड आणि आनंदाचा भाग हाच, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो.

अष्टकोनाची बाहेरची एक बाजू म्हणजे समोरासमोरचं अंतर गुणिले ०.४१४. आपल्या मापात ४०० गुणिले ०.४१४, म्हणजे साधारण १६५.७ मिमी. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना २२.५ अंशांचा काप. आतली बाजू आपोआप १०७.७ मिमी येते. फळीच्या दोन्ही बाजू सारख्या स्वच्छ असतील तर प्रत्येक कापानंतर फळी उलटी करून पुढचा तुकडा कापा, लाकूड बरंच वाचतं. साधारण दीड मीटर लांबीच्या पट्टीत आठही तुकडे निघतात आणि एखाद्या चुकलेल्या तुकड्याची भरपाईही होते.

आता अडचण बघा. आठ तुकडे म्हणजे सोळा काप. प्रत्येक काप अर्ध्याच अंशाने चुकला तर सोळा कापांत मिळून आठ अंश होतात. सात सांधे छान बसतात आणि आठव्यात बोट जाईल एवढी फट राहते. करवतीवरच्या अंशांच्या खुणेवर म्हणून कधीच विसंबू नका. आधी फालतू लाकडाचे किंवा जाड एमडीएफचे आठ तुकडे त्याच कोनात कापा, सपाट टेबलावर गोल मांडा, बाहेरून चिकटपट्टीने आवळा आणि खिडकीसमोर उभं धरून सांध्यांतून पाहा. उजेडाची रेघ आतल्या टोकाला दिसली तर काप २२.५ पेक्षा जास्त तिरका पडतोय, बाहेरच्या टोकाला दिसली तर कमी. करवत केसभर फिरवा आणि पुन्हा कापा. कुठेच उजेड दिसेनासा झाला की मगच सागाला हात लावा.

हातकरवतीने करणार असाल तर काप मुद्दाम किंचित लांब ठेवा आणि शेवटचा भाग रंध्याने काढा. एका सपाट फळीवर २२.५ अंशात लाकडी आधार ठोका, त्याला तुकडा टेकवा आणि रंधा आडवा, कुशीवर चालवा. पात्याला धार हवी. साग हत्यारं लवकर बोथट करतो, कारण त्याच्या पेशींत वाळूसारखे सिलिकाचे कण असतात. दर दोन तुकड्यांनंतर पातं दगडावर फिरवून घ्या. धारदार पात्याने टोकावरून कागदासारखी सलग सालपट निघते. भुसा निघायला लागला की धार गेली.

तरीही सोळा काप अगदी अचूक येतील याची खात्री नसते, आणि तशी गरजही नाही. आठही तुकडे एकदम चिकटवू नका. चार-चार तुकड्यांचे दोन अर्धे भाग करा. ते वाळले की समोरासमोर ठेवून पाहा. काही चूक साचली असेल तर ती या शेवटच्या दोन सांध्यांत दिसेल. मग प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोकं एका सरळ रेषेत येतील अशी रंध्याने साफ करा आणि दोन अर्धे जोडा. चौकट काही दशांश मिलिमीटरने दबकी होईल, पण डोळ्याला ते कळत नाही. उघडा सांधा मात्र पहिल्याच नजरेत दिसतो.

चिकटवताना दोन गोष्टी. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून सांध्याची तोंडं चिकटवण्याच्या जरा आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि सुकू द्या. दुसरं, तुकड्याचं कापलेलं तोंड गोंद पिऊन टाकतं. आधी थोडं पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्या, दहा मिनिटांनी घट्ट फेविकॉल लावा आणि मग जोडा. आवळायला महागडे क्लॅम्प लागत नाहीत. सायकलची जुनी ट्यूब लांब पट्ट्यांत कापून चौकटीभोवती ताणून गुंडाळली की सगळीकडून सारखा दाब येतो. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. चौकट टेबलाला सपाट टेकली आहे का बघा, नसेल तर वर वजन ठेवा. चोवीस तास हात लावू नका.

नुसता गोंद या सांध्यांना पुरणार नाही. वाळल्यावर चौकट पालथी घालून प्रत्येक सांध्यावर आडवी ४ मिमीची खाच पाडा, ८ मिमी खोल, आणि तीत प्लायची पट्टी गोंद लावून बसवा. समोरून ती दिसत नाही, पण सांधा जन्मभर धरून ठेवते.

काचेची कडी

जुन्या घड्याळांना इथे पितळी कडी असे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या घड्याळाची कडी मिळाली तर तीच घ्या आणि तिच्या मापावरून बाकी सगळं ठरवा. नाही मिळाली तर लाकडाची करू.

पद्धत तीच. ४० मिमी रुंद पट्टीचे आठ तुकडे, अष्टकोन ३१० मिमीचा. तो पक्का वाळला की मधोमध खिळा धरून राऊटरने किंवा बारीक करवतीने बाहेरचा ३०० आणि आतला २५० मिमीचा गोल कापा. मागच्या बाजूने आतल्या काठाला ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल खोबण काढा. तिच्यात ३ मिमी जाडीची, साधारण २६० मिमी व्यासाची काच बसते. काचवाल्याकडे कडीच घेऊन जा, माप लिहून नेऊ नका. काच खोबणीत एक-दीड मिलिमीटर सैल हवी, कारण लाकूड हलतं आणि काच हलत नाही. बारीक खिळ्यांनी लाकडी पट्टी ठोकून ती आतून अडकवा. सिलिकॉनने चिकटवली तर पुढे फुटल्यावर काढताना कडी खराब होते.

कडीच्या उजव्या बाजूला २५ मिमीची पितळी बिजागरी, डावीकडे छोटी कडी-आकडी. सांध्यांच्या जागा चौकटीच्या सांध्यांशी जुळवू नका. अर्ध्या तुकड्याने सरकवल्या की नजर एका सांध्यावर अडखळत नाही.

जुन्या घड्याळांत अशी कडी किंवा तिच्या कडेची पट्टी पुष्कळदा काळी केलेली असते, आणि सागाच्या सोनेरी रंगावर ती खुलून दिसते. त्यासाठी काळा रंग आणू नका. आपल्याकडचा हिरडा हे काम फार सुंदर करतो. पाच-सहा हिरडे कुटून पाण्यात अर्धा तास उकळा आणि गाळा. दुसरीकडे काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजलेले खिळे किंवा स्टील वूल चार-पाच दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. मग हे पाणीही फडक्यातून गाळून घ्या. कडीवर आधी हिरड्याचं पाणी दोनदा लावा, वाळवा, मग लोखंडाचं पाणी लावा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांचा संयोग होतो आणि काही मिनिटांत लाकूड तुमच्यासमोर करडं, मग निळसर, मग काळंभोर होत जातं. हा रंग वर बसत नाही, तंतूंत उतरतो, म्हणून खालच्या रेषा दिसत राहतात. मात्र हे सगळं कडी सुटी असतानाच करा. त्या पाण्याचा एक शिंतोडा चौकटीवर पडला तर डाग निघत नाही.

पेटी आणि खालचं दार

यात फार गुंतागुंत नाही. दोन उभ्या फळ्या, वर-खाली आडव्या, गोंद आणि स्क्रू. चारही कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने) तपासा, आणि दोन्ही कर्णांचं अंतर सारखं आहे का ते मोजा. पाठीला ६ मिमी प्लाय स्क्रूने बसवा, गोंद लावू नका. यंत्राच्या बरोबर मागे १०० मिमीची चौकोनी खिडकी कापून तिला छोटं झाकण करा. सेल बदलायला ती लागते.

अष्टकोनाच्या खालच्या पट्टीमागे, पेटीच्या दोन फळ्यांमधे एक आडवी फळी बसवा. मध्यापासून १४० ते २०० मिमी खाली, पुढच्या काठाशी समतल. ती नसेल तर तिरक्या बाजूंच्या खाली दोन त्रिकोणी भोकं दिसत राहतात. जुन्या घड्याळांत याच जागी दोन्ही बाजूंना नक्षीचे ‘कान’ असायचे. पटाशी चालवता येत असेल तर साधं पान किंवा वेलीचं वळण कोरा.

तिच्याखाली दार: २५० गुणिले १८५ मिमीची चौकट आणि काच. दाराच्या काचेवर आतून सोनेरी रंगाची एक बारीक रेघ चौफेर ओढली तर घड्याळ एकदम त्या काळात जातं. रेघ काठापासून ८-१० मिमी आत ठेवा. चिकटपट्टीच्या दोन समांतर पट्ट्यांमधे रंग लावा आणि रंग पुरता सुकायच्या आधीच पट्ट्या ओढून काढा.

चौकट पेटीवर बसवताना ती पेटीच्या उभ्या फळ्यांना फक्त वरच्या आणि खालच्या भागात टेकते, मधे नाही. टेकते तिथे आतून लाकडी ठोकळे लावून स्क्रूने आवळा.

तबकडी आणि काटे

घड्याळ जुनं वाटतं की खेळण्यासारखं, हे निम्मं इथे ठरतं.

तबकडी संगणकावर आखा किंवा हाताने काढा. मिनिटाला ६ अंश, तासाला ३० अंश. मिनिटांची दुहेरी रेघ काठालगत, साधारण ११८ मिमी त्रिज्येवर, आणि तिच्या आत अंक. रोमन अंक काढणार असाल तर चारचा अंक चार उभ्या रेघांनी काढा. जुन्या तबकड्यांवर तो बहुधा तसाच असतो, आणि समोरच्या जाडजूड आठाला तोलही तोच देतो. अंकांचे पाय मध्याकडे असतात, त्यामुळे खालच्या बाजूचे अंक उलटे दिसतात. ते सरळ करू नका. देवनागरी अंकही फार देखणे दिसतात. मात्र ते उभेच ठेवावेत, कारण ५ आणि ६ उलटे पटकन वाचता येत नाहीत.

२५० मिमीची तबकडी ए-४ कागदावर मावत नाही. ए-३ आकारात जाड, बिनचकाकीच्या कागदावर लेझर छपाई करून घ्या. कागद पांढराशुभ्र नको, फिकट सायीच्या रंगाचा असावा. चहाचं पाणी लावून डाग पाडण्याची पद्धत मला पटत नाही. डाग खोटे आहेत हे लगेच कळतं. चावी देण्याची खोटी भोकं छापणंही टाळा. सेलवरच्या घड्याळाला त्यांचं काही काम नाही.

कागद प्लायवर चिकटवून त्याचा अष्टकोन कापा आणि मधोमध यंत्राच्या पेचाच्या (तबकडीतून पुढे येणाऱ्या, आटे पाडलेल्या नळीच्या) मापाचं भोक पाडा. बहुतेक यंत्रांना ते ८ मिमीच्या आसपास लागतं, तरी आपल्या यंत्राचं मोजून घ्या. तबकडी समोरून चौकटीत सरकवली की ती पेटीच्या उभ्या फळ्यांच्या काठावर टेकते. मध्यापासून आडवं ११७ मिमी आणि उभं ६० मिमी अंतरावर चार बारीक पितळी स्क्रू लावा. कडी बंद केल्यावर ते तिच्याखाली झाकले जातात. यंत्रासकट तबकडी बाहेर काढायची झाली की हेच चार स्क्रू काढायचे.

मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघेला जेमतेम शिवावं आणि तासकाट्याचं अंकांच्या आतल्या काठाशी थांबावं. आपल्या तबकडीला अनुक्रमे साधारण ११५ आणि ७५ मिमी. बाजारातल्या यंत्रांसोबत येणारे काटे बहुधा आखूड असतात. मोठ्या तबकडीवर ते केविलवाणे दिसतात, म्हणून काटे वेगळे घ्या. इस्पिकाच्या आकाराचे, काळे, सपाट काटे या घाटाला शोभतात.

यंत्र

सेलवर चालणारं, लंबक असलेलं क्वार्ट्झ यंत्र घड्याळाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात सहज मिळतं. घेताना पेचाची लांबी बघा. आपला प्लाय आणि कागद मिळून सव्वाचार मिमी, म्हणजे पेच त्याहून तीन-चार मिमी लांब हवा. फार लांब असला तर काटे काचेला लागतील. तबकडी ते काच यांच्यात आपल्याकडे १७-१८ मिमी जागा आहे.

या यंत्रात वेळ ठरवतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक. लंबक निव्वळ शोभेचा, त्याला आतल्या विद्युतचुंबकाचा धक्का मिळत राहतो. त्यामुळे दांडी हवी तेवढी कापता येते. आपला गोळा दारातून दिसायला हवा, म्हणजे त्याचा मध्य तबकडीच्या मध्यापासून साधारण २९० मिमी खाली. गोळा जड पितळेचा लावू नका, धक्का पुरत नाही आणि लंबक थांबतो.

खरं चावीचं यंत्र बसवायचं असेल तर हिशेब वेगळा. तिथे लंबकाची लांबीच वेळ ठरवते. एका बाजूकडून दुसरीकडे जायला एक सेकंद लागावा तर लांबी ९९.४ सेंमी हवी, अर्ध्या सेकंदाला त्याच्या चौथाई, म्हणजे सुमारे २५ सेंमी. म्हणून दुसऱ्या घड्याळाचा लंबक आपल्या यंत्राला चालत नाही. जुन्या बाजारातून आठ दिवसांच्या चावीचं यंत्र आणलंत तर पेटी त्याच्या मापाने मोठी करा, आणि यंत्र स्वतः उघडू नका. गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग सुटली तर बोटं फाडते. जाणत्या घड्याळजीकडून साफ करून घ्या. अशी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांच्याकडे असं काम नेणं हे मला घड्याळ बनवण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पॉलिश

पीयू किंवा मेलामाइनसारखं आजचं तयार पॉलिश फवारलं की घड्याळ हॉटेलच्या फर्निचरसारखं दिसू लागतं. जुन्या घड्याळांवर लाखेचं पॉलिश असे. आपणही तेच करू.

सगळे भाग सुटे करा, बिजागऱ्या काढा. पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून १८०, २२० आणि ३२० पर्यंत जा, नेहमी रेषांच्या दिशेने. अष्टकोनावर दर सांध्याला रेषांची दिशा बदलते. शेजारच्या तुकड्यावर पेपर जाऊ नये म्हणून तिथे चिकटपट्टी लावा, नाहीतर आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, म्हणून मास्क लावा. २२० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसा. तंतू उभे राहतील, वाळल्यावर ते हलक्या हाताने घासा. ज्या कडांना रोज हात लागणार, म्हणजे दाराची कड, आकडीजवळची जागा, पेटीचे खालचे कोपरे, त्या बोटाला मऊ लागतील इतक्या गोल करा. जुनेपणासाठी एवढं पुरे.

ताजा रंधलेला साग पट्ट्यापट्ट्यांचा, हिरवट-तपकिरी दिसतो. घाबरू नका. आठवडाभर उजेडात, कडक उन्हात न टाकता, उलटसुलट करत ठेवला की रंग एकसारखा सोनेरी होतो. असं असताना वर वेगळा रंग कशाला?

पुढचं काम अस्तराचं. सागाची छिद्रं उघडी असतात. खडूची पावडर, पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू पातळ लाखेत कालवून लगदा करा आणि गोणपाटाच्या तुकड्याने रेषांना आडवं चोळा. आडवंच चोळायचं, तरच ते छिद्रांत बसतं. सुकल्यावर ३२० ने वरचं सगळं काढून टाका, फक्त छिद्रांत राहिलेलं राहू द्या.

लाख म्हणजे चपडी. रंगाच्या दुकानात पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळते. ४०० मिली स्पिरिटमधे ५० ग्रॅम टाका, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात लाख काळी पडते. रात्रभर मुरू द्या, मधून मधून हलवा आणि सुती कापडातून गाळा. हे मिश्रण वर्षानुवर्षं टिकत नाही. जुनं असेल तर काचेवर एक थेंब टाकून पाहा. तासाभरानंतरही चिकट लागला तर फेकून द्या.

पहिले दोन हात मऊ ब्रशने, एकेका ओढीत, मागे न फिरता. प्रत्येक हातानंतर दोन तास थांबून ४०० नंबरने अलगद घासा. मग खरं पॉलिश. कापसाचा गोळा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्यात बांधून पुरचुंडी करा. धोतराचं कापड यासाठी उत्तम. कापसात लाख मुरवा, कागदावर दाबून जादाची काढा. पुरचुंडी ओली हवी, ठिबकती नको. आधी लहान गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, आणि हात लाकडावर असताना कधीही थांबू नका. थांबलात की खालचा थर विरघळून कापडाची खूण उमटते. पुरचुंडी अडखळायला लागली, तिचा चुरचुर आवाज यायला लागला, की तळाला अळशीच्या तेलाचा एक थेंब लावा. एका वेळी पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त एका भागावर काम करू नका. रात्रभर सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार बैठकींनंतर लाकडाच्या आतून उजेड येतो आहे असं वाटायला लागतं. तिथे थांबा. आरशासारखी चकाकी या घड्याळाला नको. शेवटी मधमाश्यांचं मेण आणि टर्पेंटाइन यांचा पातळ हात देऊन दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसा.

पावसाळी हवेत हे काम काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि लाख पांढुरकी पडते. स्पिरिट भडकतं, म्हणून त्या खोलीत शेगडी, समई, निरांजन काही नको. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

पितळी बिजागऱ्यांवर कारखान्याचं लॅकर असेल तर ते थिनरने काढा, पितळ आपलं आपण मंद होत जातं. चिंचेने घासून लखलखीत करू नका.

जोडणी आणि भिंत

आधी यंत्र तबकडीला, मग तबकडी पेटीला. बाराच्या खुणेवर दोन्ही काटे बसवा, मागच्या चाकाने बारा तास फिरवा आणि दर तासाला काटे एकमेकांना किंवा काचेला लागत नाहीत ना ते बाजूने पाहा. मग लंबक अडकवा, सेल घाला आणि भिंतीवर लावण्याआधी एक दिवस टेबलाला टेकवून उभं चालू द्या.

घड्याळ साडेतीन-चार किलोचं होतं. पेटीच्या वरच्या फळीला मागून जाड पितळी पट्टीचा हँगर दोन स्क्रूंनी लावा, प्लायला नको. विटांच्या भिंतीत रॉल प्लग आणि दोन इंची स्क्रू पुरतो. मातीच्या जुन्या भिंतीत मात्र स्क्रू ढिला होतो, तिथे सागाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू घ्या. पाणसळ (लेव्हल) पेटीच्या वर नाही, दाराच्या खालच्या काठावर ठेवून तिरपेपणा बघा. चावीचं यंत्र असेल तर पाणसळीपेक्षा कानावर विश्वास ठेवा: दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत पेटी डावी-उजवीकडे किंचित सरकवा.

स्वयंपाकघराची भिंत, पश्चिमेचं ऊन येणारी भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. लंबकाच्या दारात पंख्याचा झोत जात नाही ना, तेही पाहा. घड्याळ बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, गळलेला सेल यंत्राची पत्री खाऊन टाकतो. सॅनिटायझर किंवा काच पुसायचं द्रव लाकडाला लागू देऊ नका, दोन्हींमुळे लाख विरघळू शकते. काच पुसताना फवारा थेट काचेवर न मारता फडक्यावर मारा. कुठे पॉलिश उडालंच तर लाखेचा मोठा गुण असा की नवा थर जुन्यात मिसळून जातो. तेवढाच भाग ४०० ने घासून पुरचुंडीने दोनदा फिरवला की झालं, सगळं घड्याळ पुन्हा खरवडावं लागत नाही.